वरल्या पाड्याचा चुडा

—म्हणजे तुला वाटलं, माझ्या पोरीचं लगीन हाय? नाय गो चंद्रकांता, नवरी मीच. येसूबाय, पन्नाशीच्या पल्याडची, घरात सून आलेली — हास, मीपण सकाळपासून हसतेच हाय. बोंबील वाळत घालताना हसले, तर सून बोलली, आई, बऱ्या हाव ना? बांगड्या भर तू, कोपरापर्यंत भर, हिरव्याच. नवरा कोण? वरल्या पाड्याचा रामा. तू बोईसरची, तुला काय ठाऊक — त्यांचा वरला पाडा, आमचा खालचा, मधी नुसती खाडी, पण सोयरीक नाय. आधी व्हायची म्हणतात. आजेसासू सांगायची, समुद्रात जाळ्यांचे खुंट दोन्ही पाडे मिळून रोवायचे. मग गोऱ्या सायबाचं राज्य आलं. सायबाला एवढ्या माणसांशी कशाला बोलायचंय? त्यानं वरल्यातल्या एकाला पागोटं दिलं, त्याच्या पोरांना काठ्या दिल्या, बोलला, खुंट तुमचे, खालच्यांनी जाळं टाकलं तर चोर म्हणून धरा. तो सायब गेला, त्याची नातवंडंपण गेली असतील, नि आमी अजून चोर नि सायबाचे कुत्रे म्हणत एकमेकांच्या होड्या जाळतो.

त्यातच माझा धनी गेला — भर समुद्रात मारामारी, वल्हं डोक्यात बसलं. किनाऱ्यावर कोणी आणलं त्याला? रामानं. सख्ख्या भावांच्या शिव्या खात, आपल्या होडीतून. पाड्यानं त्याला वाळीत टाकलं, मग पोरगी कोण देणार? राहिला तसाच. नि परवा, खुंटांची बोलणी करायला दोन्हीकडची माणसं बसली, तिथं उठून बोलला, येसूबाय हो म्हणत असेल तर मी तिच्याशी लगीन करतो. माझा धर्मेश उभा राहिला. बापाचं फुटलेलं डोकं मांडीवर घेतलेला पोर तो — मला वाटलं, आता परत काठ्या निघतात. तर बोलला, "काका, मांडव आमच्या दारात घालू." नि मला हसू फुटलं, भर बैठकीत, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना.

हळू गो — फुटली? फुटू दे, दुसरी घे. मला बाजाराला रस्ता सरळ हाय, रिक्षा दारात येते, पण धनी गेल्याच्या दुसऱ्या सालापासून मी मासळीची पाटी घेऊन खाडीवरूनच जाते. वळसा पडतो, चिखल लागतो, तरी. रामाची होडी लागलेली दिसली ना, की पाटीचं वजनच—

काय बोलले मी? काय नाय बोलले. झाल्या भरून. सून आत हाय, जा, तिला भर.