लाल शर्ट, हिरवं कुंपण

माझी फोटोग्राफी कशी चाललीय ते मला नका विचारू, आमच्या ह्यांना विचारा.

जे. पी. नगरला, कानडीमिश्रित मराठी बोलणाऱ्या शेषाद्री सरांच्या घरी दर रविवारी आम्ही शिकाऊ मंडळी रोलवर काढलेले कृष्णधवल फोटो घेऊन जमतो. सगळे मिळून चुका काढतात आणि सरांना आवडलेला फोटो भिंतीवर लागतो. माझा एक तरी लागावा, एवढीच माझी इच्छा. म्हणून मी ह्यांना मुद्दाम लालभडक शर्ट घालायला लावला आणि हिरव्यागार कुंपणासमोर उभं केलं. चांगले उठून दिसावेत म्हणून!

सरांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. "अक्का, डोकं छान आलंय. पण बाकीचे साहेब कुठे आहेत?"

बघते तर खरंच! लाल आणि हिरवा, दोन्ही एकसारखे करडे झाले होते. शर्ट झुडपात विरघळला होता आणि कुंपणाला ह्यांचं डोकं फळासारखं लागलं होतं.

"रंग विसरा अक्का, काळं-पांढरं बघा," सर म्हणाले.

मी ते फारच मनावर घेतलं. ह्यांना पांढराशुभ्र शर्ट घालून भर दुपारच्या उन्हात उभं केलं. पुढच्या रविवारी तो फोटो घेऊन गेले, सोबत हेही आले.

"सरी, छान! शर्टाची घडी न् घडी दिसतेय," सर म्हणाले. "पण स्वल्प चेहरापण हवा होता, अक्का. तो पार काळाठिक्कर पडलाय."

मी अगदी रडवेली झाले. हे मात्र शांतपणे म्हणाले, "सर, दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावा की भिंतीवर. मिळून एक अख्खा नवरा होतो."