वरचा माणूस गप्प का बसला

पुरवणी जबाब, बेळगाव, ता. ९ मे १९३४, सकाळी ११ वाजता.

माझे नाव रघुवीर अनंत हेरेकर, वय ४८ वर्षे, धंदा शाळेत संस्कृत शिकवणे व एका साप्ताहिकाला बातम्या पाठवणे, राहणार शहापूर, बेळगाव. मी समक्ष हजर राहून सांगतो की,

प्रथम छत्रीबद्दल. रविवारी कड्यावर झालेल्या पंचनाम्यात ‘एक जुनी काळी छत्री, मूठ मोडकी, बेवारस’ असे लिहिले आहे. छत्री माझी आहे. मूठ मोडकी नाही, घडतानाच वाकडी झाली आहे. आणि बेवारस म्हणाल तर छत्रीचा धनी तिच्यापासून चार हातांवर उभा होता. पंचांपैकी एकाने त्याला रामराम केला होता. एवढी दुरुस्ती व्हावी. यावर जबाब लिहून घेणारे हवालदार परशराम म्हणाले, “मास्तर, छत्रीचं मागनं बघू. फौजदारसाब वाट बघाल्यात. ज्योतिबाचं सांगा.” म्हणून ज्योतिबाचे सांगतो.

ज्योतिबा हा बेळगुंदीचा शेतकरी सोमवारपासून या चौकीच्या कोठडीत आहे. आपल्या बहिणीचा नवरा मष्णू याला त्याने दोर सोडून कड्यावरून पाडले, असा संशय आहे. मष्णू सरकारी दवाखान्यात बेशुद्ध आहे. हा संशय मुख्यतः माझ्या सोमवारच्या जबाबावरून घेतलेला आहे. त्या जबाबात मी खोटे काही सांगितले नाही. एक गोष्ट सांगितली नाही.

गेल्या शुक्रवारी मुंबईहून गोपाळराव वेलिंग व त्यांच्या पत्नी वासंतीबाई माझ्याकडे उतरले. दोघांना कडे चढण्याचा नाद आहे. कोणत्या शहराच्या जवळ चढण्याजोगे कडे आहेत, याची गोपाळराव यादी करत आहेत. यादीत पुणे पहिले, नाशिक दुसरे, आणि बेळगाव नव्हतेच. पुण्याहून निघालेल्या माणसाची शिदोरी कड्याशी पोचेपर्यंत संपते. आमच्याकडे घरी चहा घ्यावा, बेळगुंदीपर्यंत टांगा करावा, पुढे कोसभर पायवाट, आणि साडेआठाला कातळाला हात लागतो. हे मी साप्ताहिकात तीनदा छापून आणले आहे. पुण्याने दखल घेतलेली नाही. निदान गोपाळरावांनी घ्यावी, म्हणून रविवारी मी त्यांना बेळगुंदीपलीकडच्या मधाच्या कड्यावर नेले व मष्णूला उतरून दाखवण्याची विनंती केली.

मष्णू दरवर्षी या दिवसांत आग्या माश्यांची पोळी काढतो. कड्याच्या माथ्यावर एक जांभळाचे झाड आहे. त्याच्या बुंध्याला दोराचा एक वेढा देऊन वरचा माणूस दोर हळूहळू सोडतो. खालचा माणूस दोराच्या फासात बसून, धुराची पेंडी घेऊन उतरतो. हा दोर बायकोच्या भावानेच धरायचा, असा यांचा कडक नेम आहे. सख्ख्या भावाला देत नाहीत. सख्ख्या भावाला वाटणीचा मोह होऊ शकतो. मेहुण्याच्या हातात मात्र स्वतःच्या बहिणीचे कुंकू असते. धर्मशास्त्राचे पुष्कळ ग्रंथ मी पाहिले आहेत. इतका सावध नियम त्यांत आढळला नाही.

मष्णू सुमारे नऊ वाजता उतरू लागला. कड्याला पोटात खोबण असल्याने दहा-बारा हात खाली गेल्यावर तो वरून दिसेनासा झाला. तेव्हा दोघांत पुढील बोलणे झाले.

ज्योतिबा : “दाजी, सोडू काय दोर? हात दुखाय लागलं.”

मष्णू : “सोड की! मग तुझ्या भैणीला तूच पोस.”

ज्योतिबा : “माझी भैण सुटंल तरी तुझ्या तावडीतनं!”

मष्णू : “आदी तोंड धू जा. तुझ्या वासानं माश्या उठाल्यात हितं.”

त्यापुढची वाक्ये संस्कृत नाटकातल्या विदूषकालाही कोणी बोलू दिली नसती. ती मी लिहून देणार नाही. परशराम हवालदारांना ती पाठ असावीत, कारण ते आता हसत आहेत.

थोड्या वेळाने बोलणे बंद झाले. मग दोर हलका झाला, आणि खाली करवंदीच्या जाळीत काही पडल्याचा आवाज आला. दोर ओढून घेतला तो अखंड निघाला. फास सुटलेला होता. दोर एकदम ढिला सोडल्याने तो सुटला, असे धरले गेले.

‘सोडू काय दोर’ हे शब्द मी सोमवारच्या जबाबात दिले. दोर तुटलेला नाही हेही दिले. ज्योतिबाकडे मी त्यानंतर पाहिले असता तो माझ्याकडे पाहत होता व काहीच बोलत नव्हता, त्याचा मला संशय आला, तोही दिला. फौजदारसाहेबांनी त्याला विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “मी गप बसलो. चूक माझी.” हा कबुलीजबाब धरला गेला. तो मलाही तेव्हा तसाच वाटला.

काल मंगळवारी दुपारी मी दवाखान्यात गेलो. मष्णूची बायको मालुबाई, म्हणजे ज्योतिबाची बहीण, व्हरांड्यात बसली होती. ती म्हणाली, “मास्तर, तुमी वरच हुतासा न्हवं? माझा भाऊ गप का बसला?”

मी म्हणालो, “मालुबाई, तो शिव्या देत होता. दोर सोडतो म्हणत होता.”

“ते व्हयच. शिव्या द्याच लागतात. शिव्या चालू हाईत तवर दोर धरलाय. वरचा गप झाला की समजायचं, त्याला माश्या लागल्या न्हायतर दोर हातातनं निघालाय. मग खालच्यानं फासातनं निघून दगडाला चिकटायचं. ह्यांनी त्येच केलं असणार, आन् दगड निसटला असणार. पण माश्या तर न्हायत लागल्या त्याला! अंगावर माशी चावल्याची येक गांधी न्हाय. मग गप का बसला? काल चौकीत विचाराय गेलते, तर खाली बघत बसला. माझ्या नवऱ्यावर त्याचा कसला राग हुता, मास्तर?”

मी तिचा निरोप घेतला. तिथून घरी आलो.

मागच्या जबाबात राहिलेली गोष्ट अशी. शिव्या रंगात आल्या असता मी ज्योतिबाजवळ गेलो आणि म्हणालो, “ज्योतिबा, पाहुण्यांबरोबर बाई आहेत. जरा तोंड आवर.” तो माझ्याकडे पाहून थांबला. काही सांगावे असे त्याच्या मनात आले होते, असे आता वाटते. मी ओठांवर बोट ठेवले. तो गप्प झाला. खालून मष्णूने दोनदा हाक दिली, “आरं ए!” ज्योतिबाने पुन्हा माझ्याकडे पाहिले. माझे बोट तिथेच होते. त्याच वेळी वासंतीबाईंनी मला विचारले, “त्यांनी गाणं मध्येच का थांबवलं?” त्यांना एक शब्दही कळला नव्हता.

आज जबाबाला बसण्याआधी, फौजदारसाहेबांच्या परवानगीने, मी ज्योतिबाला गजांआडून विचारले, “माझं नाव का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “पावण्यांच्या म्होरं तुमी म्हणालासा, तुमचा शबुद कसा मोडायचा? आन् तोंड माझं हुतं, मास्तर. गप मीच केलं.”

पाहुणे सोमवारी सकाळच्या मोटारीने निपाणीकडे गेले. त्यांचा मुंबईचा पत्ता मी दिला आहे. वासंतीबाईंना विचारल्यास त्या माझ्या बोटाबद्दल सांगतील.

वरील मजकूर परशराम हवालदारांनी मला मोठ्याने वाचून ऐकवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. सही करण्यापूर्वी आणखी एवढे लिहून घ्यावे.

सोमवारी ही गोष्ट क्षुल्लक वाटली म्हणून सांगितली नाही, असे मी काल रात्रीपर्यंत स्वतःला समजावत होतो. ते खरे नाही. बोट मला सोमवारीही आठवत होते. ज्योतिबाला सोडतील, याबद्दल मला आता शंका नाही. मला भीती वेगळी आहे. मष्णू शुद्धीवर न येता गेला, तर मालुबाई जन्मभर भावाला विचारत राहील की तू गप्प का बसलास, आणि तो तिला माझे नाव सांगणार नाही. तिला हे मीच जाऊन सांगायला हवे. काल ती समोर बसली होती, तेव्हा माझ्याने सांगवले नाही. आजही सांगवेल की नाही, मला माहीत नाही.

हेही वाचून ऐकवले. बरोबर आहे.

सही : रघुवीर अनंत हेरेकर