निलगिरीचं वळण

(काबाले गावाच्या वर, डोंगरउतारावरचं घर. संध्याकाळचं ऊन अजून अंगणात आहे. काठी टेकून उभा असलेला तिबेसिग्वा, नुकतीच मोटरसायकल लावून हेल्मेट काढणारी त्याची बायको ओरिशाबा, आणि एका डोळ्यावर पट्टी बांधलेली त्याची आई.)

तिबेसिग्वा: म्हणजे आईला मागे बसवून तू निलगिरीच्या वळणावरून आलीस?

ओरिशाबा: दुसरा रस्ता कुठाय आपल्याकडे?

तिबेसिग्वा: मी काय सांगितलं होतं? कोबी ने, बटाट्याची पोती ने. कोबी पडला तर पडला. पण मागे माणूस घेऊन त्या वळणावर इतक्यात जायचं नाही.

आई: तिला नको बोलूस. मीच नर्सबाईला फोन लावायला सांगितला. डोळ्याचं काम झालं, घरी जा म्हणाले, आणि वर येणारी गाडी दुपारीच भरून गेलेली. रात्रभर काय दवाखान्याच्या ओट्यावर बसू?

तिबेसिग्वा: तूच म्हणाली होतीस ना आई, या गाडीवर माझं मढंसुद्धा चढवू नका?

आई: म्हणाले होते. तुला दरीतून डोलीत घालून वर आणत होते आणि मी कडेला उभी होते. तशा वेळी आईच्या तोंडून काय फुलं पडतील? मला बसू दे आधी. कंबर राहिली नाही.

ओरिशाबा: घ्या, इथं बसा. प्यायला ज्वारीचा बुशेरा आणू? सकाळचा आहे, आंबट झाला असेल.

आई: आंबटच बरा.

तिबेसिग्वा: मला न विचारता गेलीस.

ओरिशाबा: विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. मग मला तुमचं न ऐकता जावं लागलं असतं. त्यापेक्षा न विचारता गेलेलं बरं.

आई: बघ. वकिलाच्या घरात द्यायला हवं होतं हिला.

तिबेसिग्वा: तू गेलीस तेव्हापासून मी इथं उभा आहे. एक ट्रक खाली उतरत गेल्याचा आवाज आला, पार वळणापर्यंत. हॉर्न वाजला. त्यानंतर तुझ्या गाडीचा आवाजच नाही. कितीतरी वेळ नाही.

ओरिशाबा: सांगते ना. नीट सांगू द्या.

तिबेसिग्वा: सांग.

ओरिशाबा: निघतानाच पंचाईत. आई म्हणाल्या, मी बाईमाणूस, एका बाजूला पाय सोडून बसणार. मी म्हटलं, तशा बसलात तर मी नेणार नाही, इथंच ठेवते. तेव्हा कुठं पाय टाकून बसल्या.

आई: सगळा दवाखाना बघत होता. पाद्रीसुद्धा.

ओरिशाबा: पहिल्या वळणावर गाडी ऐकेना. मी डावीकडे कलवतेय आणि गाडी सरळ जायला बघतेय. मला वाटलं चाकातली हवा गेली. मग कळलं, गाडी एकीकडे कलली की आई दुसरीकडे कलतायत.

आई: गाडी पडायला लागली की माणूस सावरायला नको का?

तिबेसिग्वा: गाडी पडत नसते आई. वळणावर ती कलतेच. तू तिला उलट ओढलंस की ती वळणाबाहेर जाते.

आई: हेच ही म्हणाली. दुसऱ्या वळणानंतर गाडी थांबवली, खाली उतरवलं आणि मला शिकवायला लागली. या वयात मला.

तिबेसिग्वा: काय सांगितलंस?

ओरिशाबा: काय सांगणार? तुम्ही मैदानावर स्टुलावर बसून मला जे ओरडून ओरडून सांगायचात, ते त्यांना कसं सांगू? त्यांना विचारलं, आई, तुम्ही पाठीला पोर बांधून शेतात खणायचात, तेव्हा तुम्ही वाकलात की पोर काय करायचं?

आई: मी म्हटलं, काय करणार, तेही वाकायचं. पाठीला चिकटून राहायचं. हा तर झोपायचा.

ओरिशाबा: मग म्हटलं, आता तुम्ही पोर आणि मी आई. माझी पाठ जाईल तिकडे जायचं.

आई: मला हसू आलं. सुनेच्या पाठीवर बसायची वेळ आली म्हटलं. पण बसले. गालसुद्धा टेकवला तिच्या पाठीवर.

तिबेसिग्वा: आणि निलगिरीच्या वळणावर?

ओरिशाबा: वळणाच्या आधीच्या सरळीवर ब्रेक लावून घेतला. गाडी सरळ असताना, कलवायच्या आधी, तुम्ही सांगता तसा. दुसरा गिअर. आणि बघते तर वळणावर बाहेरच्या अंगाला नवीन खडी पसरलेली. पावसानं वाहून आलेली, सगळी दरीच्या बाजूला.

तिबेसिग्वा: माझ्या वेळीही तशीच होती. मी वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला.

ओरिशाबा: माहितीय. म्हणूनच मी खडीच्या आतून, थोडं रस्त्याच्या मधे धरून शिरले. गाडी उजवीकडे कलवली. आणि तेवढ्यात समोरून ट्रक. बटाट्याचा, पोती पार टपाच्या वर. उताराच्या वेगात तो आपल्या बाजूला पसरत येत होता.

तिबेसिग्वा: देवा.

ओरिशाबा: डावीकडे खडी, तिच्यापलीकडे दरी. उजवीकडे ट्रक. मधे एक पट्टी उरली होती, आपल्या दारातून गाय जाते तेवढी.

तिबेसिग्वा: बघत कुठं होतीस?

ओरिशाबा: काय?

तिबेसिग्वा: ट्रक आला तेव्हा डोळे कुठं होते तुझे? खरं सांग.

ओरिशाबा: आधी ट्रकवर गेले. बंपरवरच गेले. आणि गाडी तिकडेच जायला लागली. तशी मान फिरवली. वळण संपतं तिथं ती म्हातारी निलगिरी आहे ना, साल निघालेली, तिच्या बुंध्याकडे बघितलं. मग बघतच राहिले. ट्रकचं काय झालं, खडीचं काय झालं, मला ठाऊक नाही. रेस तेवढीच धरून ठेवली, कमी नाही, जास्त नाही. ब्रेककडे पाय गेला होता. गेला होता, पण दाबला नाही.

तिबेसिग्वा: मग?

ओरिशाबा: मग ते झाड माझ्या बाजूला आलं आणि मागे गेलं.

तिबेसिग्वा: आणि आई? आई उलट नाही कलली?

ओरिशाबा: नाही ना. मलाही तेच नवल. अगदी माझ्या पाठीबरोबर आल्या. मला वजनच जाणवलं नाही.

आई: मला कुठं काय दिसत होतं. उजव्या डोळ्यावर पट्टी, तो ट्रक तिकडून गेला. नुसता धुराचा वास आला आणि गरम वारा लागला. उघडा डोळा दरीकडे. तिथं बघायचं नव्हतं मला, तूच सांग, कसं बघू? म्हणून तोही मिटला. आणि हिची पाठ धरून ठेवली.

तिबेसिग्वा: मग आवाज का बंद झाला? मी इथं काय काय डोक्यात आणलं.

ओरिशाबा: वर आल्यावर गाडी कडेला घेतली. स्टँड लावला. खाली बसले रस्त्यातच. रडू नाही आलं, पण दात वाजत होते. आई बाजूला बसल्या. पिशवीतला भाजलेला मका काढला, अर्धा मला दिला.

आई: भीती वाटली की काहीतरी चावावं. मी जन्मभर तेच करत आले.

तिबेसिग्वा: तुम्ही दोघी तिथं बसून मका खात होतात. आणि मी इथं.

ओरिशाबा: चुकलंच ते. फोन करायचं सुचलंच नाही.

तिबेसिग्वा: नको, राहू दे. आलात ना. दोघी आलात.

आई: अरे, रडतोस काय. मी अजून एका डोळ्यानं बघू शकते बरं का. मी आत जाते, जरा पडते. भाताला कोण बघेल ते बघा.

ओरिशाबा: मी बघते, आई.

तिबेसिग्वा: ओरिशाबा, थांब जरा.

ओरिशाबा: अजून रागावायचं राहिलंय का?

तिबेसिग्वा: नाही. ट्रककडून नजर काढून घेणं फार अवघड असतं. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांना जमत नाही. मला नाही जमलं असतं बहुतेक.

ओरिशाबा: तुम्हीच शिकवलंय.

तिबेसिग्वा: शिकवणं वेगळं. बरं ऐक. उद्या मला खाली नाक्यावर सोडशील? मोटरसायकलवर भाडी मारणारे सगळे बोडावाले तिथं बसतात सकाळी. पडल्यापासून मी कुणाला तोंड दाखवलं नाही.

ओरिशाबा: माझ्या मागे बसून जाल? त्यांच्या समोर?

तिबेसिग्वा: जाईन. पाय वाकत नाही, तेवढा बाहेर धरेन. तुला अडचण होईल का?

ओरिशाबा: वळणं हळू घेईन. पण सकाळी खाली धुकं असतं. ऊन वर आलं की निघू.