खिडकीची जाळी

रेसट्रॅकच्या दवाखान्याबाहेर बाकावर माझ्या शेजारी एक मराठी जोडपं बसलं होतं. ऊन लागून पडलेला माझा भाऊ आत होता, त्यांचा मुलगाही आत. ट्रॅकवर गाड्या पुन्हा सुटल्या होत्या.

"फोनवर तू म्हणालास, शिव ठीक आहे."

"कारण त्याच्या गाडीच्या खिडकीची जाळी खाली आली, सुलेखा. क्रॅशनंतर ड्रायव्हर ठीक असेल तर स्वतः जाळी खाली सोडतो. तोच सिग्नल असतो."

"माहितेय मला. बघवत नाही म्हणून पार्किंगमध्ये बसते, पण शिवनंच शिकवलंय. 'आई, जाळी डाउन, यू ब्रीद.'"

"मग घे ना श्वास."

"क्रॅशमधले बाकीचे सगळे ड्रायव्हर इथे चालत आले. आपला का नाही आला?"

"चेक करत असतील यार."

"जाळी सोडणारा हात दिसला तुला?"

"दिसला. मोठ्या स्क्रीनवर दाखवला."

"शिवचे ग्लव्हज काळे आहेत, मीच आणलेत. रेस्क्यूवाल्यांचे पिवळे असतात."

"सुलेखा, प्लीज."

"श्रीराम, तो हात काळा होता की पिवळा?"

"तू बस. मी पाणी घेऊन येतो तुला."