तीनशे म्हणजे तीनशे

...आणि वर मलाच विचारतात, 'मोजायची टेप खरी आहे ना हो साहेब?' आता काय बोलणार, सांगा! सख्ख्या भाच्याची मयत, लढाईवरून पेटीत परत आलेलं एकवीस वर्षांचं पोर, आणि मी, त्याचा मामा, कुठे? रस्त्यापलीकडे, पोलिसाच्या गणवेशात, त्याच्या मरणाचा आनंद करणाऱ्यांच्या बंदोबस्ताला! आमच्या कॅन्ससमध्ये माणसं काय कमी पडली होती का? पण शेरीफ, आमचा वरचा साहेब, म्हणाला, 'व्हर्नन, तूच जा, तू डोकं शांत ठेवतोस.' ठेवलं! फलक कसले, तर 'वेंडेल नरकात पोचला'... माझ्या भाच्याच्या नावानिशी हो! छान रंगवलेलं, खाली फुलंबिलं! कुठल्याशा चर्चची मंडळी, सैनिक मेला की देवानं देशाला पापाची शिक्षा दिली म्हणणारी, व्हॅन करून आलेली. कायदा काय म्हणतो? बोला, काय हवं ते बोला, फक्त मयतीपासून तीनशे फूट लांबून. तीनशे म्हणजे तीनशे!

तुम्हाला सांगतो, मी चोरी केली. तीनशे चाळीसवर रेघ मारली. म्हटलं, पोराची आई, थोरली बहीण आहे माझी, लोर्ना... तिला अक्षरं तरी दिसू नयेत! तर त्यांची ती एल्डाबाई, गोड इतकी की अंगावर काटा यावा, पर्समधून स्वतःची टेप काढते! 'चाळीस फूट जास्त झाले हो साहेब, आमचा हक्क मारताय.' मुलगी वकील. लावला फोन. दोन मिनिटांत शेरीफ माझ्या कानात, 'अरे बाबा, शेजारच्या काउंटीला कोर्टात नागवलंय यांनी! आण त्यांना पुढे!'

आणले. काय करतो? तीनशे म्हणजे तीनशे! त्यात त्यांच्या एका म्हाताऱ्याचा गुडघा धरला, तो गवतावर बसकण मारून म्हणतो, 'जरा धरा हो एवढं.' आता म्हाताऱ्याला उठवायचं तर फलक कुणीतरी धरायला नको? धरला! आणि नेमकी तेव्हाच सलामीची पहिली गोळी सुटली, लोर्ना दचकली, तोंड फिरवलं... समोर कोण? मी! हातात 'वेंडेल नरकात पोचला'! बरं, सांगायला धावत जावं, तर बंदोबस्त सोडता येत नाही...

नंतर फोन केले, लोर्नाच्या दारात जाऊन उभा राहिलो. मेहुणा दार किलकिलं करून म्हणतो, 'ती म्हणते, बोलायचं ते तिथूनच बोल.'

एल्डाबाईंनी मात्र शेरीफला पत्र धाडलं, 'अत्यंत सहकारी अधिकारी.' बावीस वर्षांच्या नोकरीतलं पहिलं कौतुक! शेरीफनं चौकटीत लावलंय. नाताळला पूर्वी लोर्नाचं कार्ड यायचं... यंदाही एक आलं म्हणा. एल्डाबाईंचं. ठेवलंय टीव्हीवर. दुसरं कार्ड आहेच कुठे ठेवायला?