पट्ट्यांमागं जाणारे डोळे

चष्म्याचा नंबर कशाला विचारताय पावणं? सरळ विचारा की — भाऊसो, तुम्हाला दिसतं का? दिसतंय. तुमच्या शर्टाचं तिसरं बटण दोऱ्यावर लोंबतंय ते दिसतंय, आणि पिंजऱ्यात काय खुडबुडलं की तुम्ही पाय वर घेताय ते पण दिसतंय. पुण्यास्नं गाडी करून आलाय, आमच्या उंदरांचे चार महिन्यांचे व्हिडिओ लॅपटॉपात भरून आणलेत, आणि खरा उंदीर चार हातांवर आला तर घाम फुटतोय. ठेवा पाय खाली. झाकण हाय पिंजऱ्याला. आणि नाक धरू नका, हा वास उंदरांचा न्हाय, कारखान्याच्या मळीचा हाय — कसबा बावड्यात कॉलेज काढलं की तो येतोच.

तर काय म्हणतंय तुमचं ते व्हिडिओवरनं डोळा मोजणारं मशीन? अकरा उंदरांपुढं मी ‘डोळा मागे जातो’ असं लिहिलंय, आणि मशीन म्हणतंय, जात न्हाय. बरं. आणि हा कागद पृथ्वीराज सरांनी दिलाय — प्रयोग त्यांचा, भला माणूस, फक्त तोंडावर काय बोलायचं झालं की दुसऱ्याला पाठवतात — ‘वयोमानानुसार दृष्टी अधू झाल्यामुळे माझ्या नोंदींत चुका झाल्या.’ खाली मी सही करायची. मी सुटलो, सर सुटले, तुम्ही अंधार पडायच्या आत हायवेला लागला. सोपं हाय. लई सोपं हाय.

उंदराचा डोळा कधी बघितलाय का हो? व्हिडिओत न्हवं, असा, समोर? न्हाय. तरी मशीन चालवताय. ती बघा पेटी — चारी बाजूंनी स्क्रीन, मध्ये वाटीएवढा पाट. उंदीर पाटावर ठेवायचा आणि स्क्रीनवर काळे-पांढरे पट्टे फिरवायचे. पट्टे डावीकडं चालले की डोळा त्यांच्यामागं हळूहळू डावीकडं जातो, मानपण जाते — आणि टोकाला गेला की झटक्यानं परत. पुन्हा हळू, पुन्हा झटका. उंदीर ठरवून करत न्हाय ते. एस्टीत खिडकीशी बसलेल्या माणसाचे डोळे बघा कधी, बाहेर उसाच्या सऱ्या पळत असतात आणि ह्याचे डोळे त्यांच्यामागं जातात, येतात, जातात, येतात — विचारा त्याला, काय चाललंय? म्हणेल, काय न्हाय, बसलोय. तेच हे. आता हे उंदीर जन्मापासनं डोळ्याचा पडदा झडणारे. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय दिलं ते मला सांगत न्हाईत, म्हणजे माझा कल नको. दर बुधवारी मी बघायचं आणि लिहायचं. लागोपाठ दोन बुधवार जाडातल्या जाड पट्ट्याला सुद्धा डोळा हलला न्हाय, की गुरुवारी तो उंदीर मारायचा आणि डोळे काढून तपासायला द्यायचे.

हां — तसलं तोंड करू नका. आलं न्हवं मनात, म्हाताऱ्याला दया आली? दया! सव्वीस वर्षं झाली मला इथं. सकाळी उंदीर मारलेत आणि हात धुऊन त्याच हातांनी दुपारी डबा खाल्लाय. दया येते ती आमच्या पोरापोरींना, त्या राजारामपुरीतल्या क्लासांतनं शिकून येणाऱ्या — उंदरांना नावं देतात, मोबाईलवर फोटो काढतात, आणि मारायच्या दिवशी ह्यांचं डोकं दुखतं. ‘मामा, बघा ना, कसा बघतोय माझ्याकडं!’ मी म्हणायचो, बघत न्हाय. डोळा हलतोय. डोळा हलणं वेगळं, बघणं वेगळं. वहीत ‘दिसते’ लिहायचं न्हाय, ‘मागे जातो’ लिहायचं. पंधरा वर्षं येणाऱ्या प्रत्येक बॅचला हे ऐकवलंय मी. लई रुबाबात. शिपाई म्हणून लागलेला माणूस, पण डॉक्टर होऊ घातलेल्यांना एवढं एक वाक्य सुनवायला मिळायचं — मिळालं की सोडत न्हवतो.

काय? मग लिहिलं कसं? थांबा की. घाई तुम्हाला हाय, मला न्हाय.

आमची अंजना — बायको माझी — दोन वर्षांखाली डोक्यात रक्तस्राव झाला तिला. भाकरी थापता थापता बाजूला कलली. दवाखान्यात नऊ दिवस श्वासाच्या मशीनवर. डोळे उघडे, पण हाक मारली तर काय न्हाय, चिमटा काढला तर काय न्हाय. तर नवव्या दिवशी मी — हसू नका हं — मी हितनं पट्टे घेऊन गेलतो. ही स्क्रीन यायच्या आधी आमच्याकडं हातानं फिरवायचा डबा होता, रंगाचा रिकामा डबा, आतनं पट्ट्यांचा कागद चिकटवलेला. तो कागद सोडवला, गुंडाळी शर्टात घातली. नर्स वळली तसा अंजनाच्या तोंडापुढं धरला आणि सरकवला. डावीकडं, हळू, उंदरापुढं सरकवतात तसा. डोळे मागं गेले. टोकाला गेले, झटक्यानं परत आले. पुन्हा सरकवला, पुन्हा गेले. सात वेळा केलं. उजवीकडनं पण केलं.

डॉक्टर तरणा होता, चांगला होता. म्हणलं, साहेब, डोळे मागं जातात तिचे. तो म्हणाला, काका, तो रिफ्लेक्स असतो, त्यात बघणं नसतं. झालं! माझंच वाक्य. दुसरा कोण असता, ज्याला ह्यातलं काय म्हणता काय कळत न्हाय असा — भांडला असता की, बघतीया ती माझ्याकडं, हात लावायचा न्हाय मशीनला. मी शहाणा! मी मान डोलावली. पोरगा, बुद्धभूषण, म्हणत होता, पप्पा, दोन दिवस थांबूया. त्याला मी समजावलं — पट्टे कसे, डोळे कसे, उंदराचं कसं, सगळं नीट समजावलं, चित्र काढून — आणि मशीन काढायच्या कागदावर सही केली. मशीन काढल्यावर वीस मिनिटं लागली तिला.

मग ह्या जूनमध्ये पृथ्वीराज सर नव्या बॅचला शिकवत होते, मी मागं पिंजरे पुसत होतो. सर म्हणाले, उंदरात हे काम बहुतेक मेंदूच्या खालच्या भागातच होतं, माणसात वरचा मेंदूही लागतो, म्हणून उंदरावरून माणसाचं सरसकट ठरवू नका. सरसकट! फळ्यावर लिहिलं सुद्धा न्हाय त्यांनी, पुढचं शिकवायला लागले. तास संपल्यावर विचारलं — सर, म्हणजे माणसाचे डोळे पट्ट्यामागं गेले तर तो बघत असतो? म्हणाले, सांगता येत नाही भाऊसो, असेल, नसेल. का विचारताय? म्हणलं, सहज.

दुसऱ्या दिवशी बुधवार. उंदीर पाटावर ठेवला, पट्टे फिरले, डोळा ढिम्म. मला दिसलं. चष्मा काढला, तरी दिसलं. पेन वहीवर टेकवलं आणि ‘जात नाही’ लिहीना मी. वयाचं उगाच काय घालू नका अहवालात. लिहायचं न्हवतं. पुन्हा माझ्या अक्षरानं, माझ्या शहाणपणानं... बास. ‘जातो’ लिहिलं. मग पुढच्या बुधवारी दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. अकरा झाले.

सरांची चार वर्षं मातीत घातली, कळतंय मला. त्या औषधाला खरंच गुण असेल, तर तो माझ्या अकरा ओळींखाली गाडला गेला, आणि ज्या कुणाचे डोळे चाललेत त्याला ते मिळायचं न्हाय — तेही कळतंय, तुम्ही मान हलवायची गरज न्हाय. आणि जगले म्हणून त्या अकरांनी काय दिवे लावले? खातात, लेंड्या टाकतात, झोपतात. न्या उद्या उचलून. पण दृष्टी अधू? अधू? द्या तो कागद इकडं. पेन पण द्या, ते तुमचं भारीतलं. ही तुमची ओळ खोडली. आणि हे वर लिहितोय, सरांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात — ‘मला नीट दिसत होते. दिसले त्याच्या उलट मी जाणूनबुजून लिहिले.’ ही सही. ही तारीख.

चालणार न्हाय? कुणाला, सरांना? मग सरांना पाठवा, बसू देत ह्या स्टुलावर. तुम्ही उठा. आणि तिचं जे बोललो ते लॅपटॉपात घालायचं न्हाय, एक अक्षर न्हाय. उठा म्हणतोय न्हवं! बुधवार हाय आज, पाच उंदीर बघायचे राहिलेत माझे — व्हय, मीच बघणार, आणि दिसेल ते लिहिणार, जा, सांगा तसं. जा की.

दार सावकाश लावा. दचकतात ती.