काळ्या रेघेतलं बाथरूम

नाही, मला एक सांगा, बाथरूम ही काय असून नसल्यासारखी गोष्ट आहे का? एकतर असतं नाहीतर नसतं! देव एकवेळ असून दिसत नसेल, त्याला चालतं, बाथरूमला ती सवलत नाही! पण माझ्या ड्रॉइंगमध्ये… थांबा, असं मधूनच नको, नाहीतर तुम्ही पण काकांसारखे म्हणाल, "आधी नीट सांग, मग रड."

तर तुम्हाला सांगतो, मी आर्किटेक्ट. म्हणजे काय, ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या घरांच्या रेघा मारतो. आणि आमची ही… 'ही' म्हणजे अजून 'ही' झालेली नाही, तोच तर सगळा घोळ आहे! तर ती मला म्हणाली, "हे बघ, तू बाबांसमोर जाऊन नुसतं 'मला तुमची मुलगी आवडते' म्हणालास ना, तर ते चहासुद्धा न देता बाहेर काढतील. बाबांना माणूस कामातून कळतो. आम्ही घराचं रिनोव्हेशन काढलंय, ते तू कर. काम आवडलं की मी विषय काढते." तिचे बाबा, म्हणजे काका, जन्मभर कारखान्यात तपासणीस! समोर आलेला माल पास नाहीतर नापास, मधलं काही नाही! रिटायर झाले तरी सवय जाईना, चहा प्यायच्या आधी कप उजेडात धरून बघतात, तडा आहे का! आता अशा माणसासमोर मी जाणार, जावई म्हणून! म्हणजे विचार करा, हे काम नव्हतंच हो, ही माझी मुलाखत होती!

आता नवीन घर काढायचं तर सोपं असतं, कोरी पाटी. पण जुनं घर दुरुस्त करायचं म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भिंतीच्या, दाराच्या, खिडकीच्या पाठीवर शिक्का मारावा लागतो. 'आहे', म्हणजे राहू दे, हात लावू नको. 'पाडायचं', म्हणजे पाडायचं. आणि 'नवीन'. तीनच शिक्के हो! आहे, पाडायचं, नवीन! काकांना कळावं म्हणून मी हौसेनं ते मराठीत करून घेतले, वर रंग दिले, आहे ते काळं, पाडायचं ते पिवळं तुटक, नवीन ते लालभडक. शेंबडं पोर चालवेल!

पण गोम सांगतो. त्या सॉफ्टवेअरला वर एक बटण असतं. आत्ता काय बघायचंय, जुनं घर की होणारं घर? आणि तुम्ही जर जुनं घर उघडून बसलात आणि त्यात काही नवीन काढलंत, तर तो शहाणा न विचारता त्याच्यावर 'आहे'चा शिक्का मारतो! अरे, विचार की! एरवी बंद करायला गेलो तर 'खरंच जायचंय? नक्की? सेव्ह करू? परत विचार कर…', निघालेल्या पाहुण्याला दारात अडवून एवढं कोणी बोलत नाही! आणि इथं गडी गप्प! तोंडात मिठाची गुळणी!

मी आपला रंगात आलेलो! काकूंनी सांगितलेलं, "बाळा, ते बाथरूम माझ्या ओट्याला चिकटून आहे, ते तिथून हलव बाई… म्हणजे बाबा." म्हणून मी जुन्या बाथरूमवर 'पाडायचं' मारलं आणि मागच्या अडगळीच्या खोलीत नवीन काढलं. काय काढलं म्हणून सांगू! खिडकी, बेसिन, टॉवेलची दांडी… नळ फिरवला असता तर पाणी आलं असतं! आणि हे सगळं कुठं काढलं? जुन्या घरात! सगळ्यावर शिक्का, 'आहे'! बरं, 'आहे' ते होणाऱ्या घरात पण दिसतंच, म्हणून मला संशय आला नाही, रंग तपासायचं सुचलंच नाही. काकांनी कागद उजेडात धरला, उलटा धरला, नाकाला लावला, आणि म्हणाले, "हं." ती माझ्या कानात कुजबुजली, "हं म्हणाले! हं म्हणजे जवळजवळ पास!"

आता कंत्राटदार. हा माणूस म्हणजे मक्षिकास्थाने मक्षिका. कागदावर चहाचा डाग पडला तर भिंतीवर डाग पाडून देईल! ठरलं काय होतं, तर आधी नवीन बाथरूम बांधायचं, मगच जुनं पाडायचं, कारण घरात एकच, आणि माणसं तिथंच राहणार. काका-काकू दिवसभर बाहेर गेलेले, ती ऑफिसात. आणि संध्याकाळी, सगळे घरी परतायच्या वेळेला, मला याचा फोन, "साहेब, झालं काम!"

"झालं? अहो, आज तर सुरू झालं!"

"मग? पाडायचं तेवढं पाडलं, राडारोडा उचलला, जागा झाडून दिली. लाल रेघ कागदावर कुठंच नाही, म्हणजे बांधायचं काही नाही. असली सुटसुटीत कामं देत जा, साहेब!"

फोन ठेवतोय तोवर तिचा, "बाबा बोलावतायत."

"चिडलेत?"

"टॉवेल खांद्यावर टाकून हॉलमध्ये बसलेत."

पळालो! बघतो तर काका तसेच, काकू शेजारणीच्या बाथरूमला जाऊन नुकत्याच परत आलेल्या, तोंडावर अशी कळा की दुसऱ्याच्या घरी जाऊन हे सांगावं लागलं! आणि कंत्राटदार मधोमध उभा, कागदावर बोट ठेवून, "अहो, आहे ना! हे काय, काळ्या रेघेत! म्हणून तर जुनं बिनधास्त पाडलं!"

"कुठे आहे?" काका.

"मागच्या खोलीत."

"मागच्या खोलीत खोके आहेत!"

"ते मला माहीत नाही. ड्रॉइंगमध्ये बाथरूम आहे. घर तुमचं, तुम्ही शोधा!"

मी म्हटलं, "काका, दोन मिनिटं! आत्ता दुरुस्त करतो!" लॅपटॉप उघडला, सगळं एकदम निवडलं आणि मारलं 'पाडायचं'! अख्खं घर पिवळं! काका मागे उभे, "आता काय, घरच पाडताय?" घाईत परत बदललं, तर सगळं लाल! "म्हणजे हे घर अजून बांधलंच नाही? मग मी कर्ज कशाचं फेडलं?" तीनच शिक्के हो! आहे, पाडायचं, नवीन! आणि तिन्ही माझ्या अंगावर!

कसंबसं पहिल्यासारखं केलं, आणि आता एक सांगायचं राहिलं… आम्ही लोक ड्रॉइंगमध्ये माणसं टाकतो, खोली केवढी आहे ते कळावं म्हणून. मी काका टाकलेले खुर्चीत, काकू ओट्याशी, ती खिडकीत. आणि तिच्या शेजारी… हौस हो! एकटा बसलो होतो, कोण बघतंय! एक माणूस टाकला, कागदावर छापताना माणसं वगळली होती. काकांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "हा कोण?"

"तो… असाच."

"क्लिक करा."

काय करणार? क्लिक केलं. चौकट उघडली. काकांनी चष्मा वर सरकवला आणि मोठ्यानं वाचलं, "नाव, जावई." मी लॅपटॉप मिटायला गेलो, त्यांनी झाकण धरून ठेवलं. "स्थिती… आहे."

घरात टाचणी पडली असती तर मी तिचे आभार मानले असते! काकू म्हणाल्या, "अगं बाई!" कंत्राटदार म्हणाला, "बघा, आहे म्हणतोय ना!" काका तिच्याकडे वळले, "काय गं? हा आहे? कधीपासून?"

ती खाली बघून म्हणाली, "बाबा… आहे."

तुम्हाला सांगतो, अख्ख्या दिवसात खरं ठरलेलं 'आहे' हे एवढंच!

काका मला उजेडात धरल्यासारखं बघत होते. मग म्हणाले, "ज्याला आहे आणि नाही कळत नाही, त्याला मी मुलगी द्यायची?" मी म्हटलं, "काका, चूक झाली. बांधून देतो. स्वतः उभा राहून." तर म्हणाले, "आधी बाथरूम. त्यात आंघोळ करीन, मग या विषयावर तोंड उघडीन. तोवर ना पास, ना नापास." आणि काकू डोळे पुसत, "अहो, पण तोवर आपण जायचं कुठं? शेजारणीला किती तोंड दाखवू?"

आणि माझी जीभ! मेंदूला न विचारता बोलली, "माझ्याकडे चला ना!"

आले हो! तिघंही आले, बॅगा घेऊन! माझी एक खोली, एक स्वयंपाकघर, मी ओट्याखाली झोपतो! सकाळी आंघोळीला सगळ्यात शेवटचा नंबर माझा, माझ्याच घरात! काका माझे कप उजेडात धरतात, सगळ्यांना तडे! आणि तिकडे कंत्राटदार म्हणतो, "साहेब, यावेळी लाल रेघ नीट बघूनच काम करणार, घाई नाही!"

लोक घरजावई होतात, ऐकलं होतं… मला घरसासरे मिळालेत, आणि जावई व्हायचा अजून पत्ता नाही!